तुमचा प्रश्न, आमचं उत्तर: खासदारांनी आधी काय हातात घ्यावं?

प्रश्न : आमच्या गल्लीतली गटार कायम तुंबलेली असते, नगरसेवक लक्ष देत नाहीत, मग थेट खासदारांकडं गेलो तर काम होईल का? आणि खासदारांनी कोल्हापूरसाठी आधी काय करावं असं तुम्हाला वाटतं? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : दादा, गटार हे महापालिकेचं काम, तक्रार तिथंच लेखी द्या आणि पोच घ्या. खासदारांना वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, त्यातनं ते कामं सुचवतात आणि पुढची मंजुरी नि अंमलबजावणी जिल्हा प्रशासन बघतं, पण सहा विधानसभा मतदारसंघांत तो निधी कितीसा पुरणार? त्यांची खरी ताकद दिल्लीत.

माझ्या मते पहिला नंबर पुराचा. २०१९ आणि २०२१ आपण सगळ्यांनी बघितलंय, जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशाऱ्याला, गेली की लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात, ४३ ला धोका, आणि त्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा वाद दोन राज्यांचा, म्हणजे तो केंद्राकडं सतत मांडायलाच पाहिजे. त्याच पंचगंगेत सांडपाणी सुटतंय, तेही तितकंच गंभीर आहे.

मग रेल्वे. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६-१७ च्या बजेटमध्ये आला, तरी अजून रेल्वेनं कोकणात जायचं तर मिरजेवरनं भला मोठा वळसा पडतो. पुढच्या वेळी खासदार भेटले की गटारीऐवजी हे विचारा, आणि संसदेत त्यांनी काय प्रश्न मांडले ते लोकसभेच्या वेबसाइटवर बघून जा.