शाळेचे आभार मानायचेत, कसे मानू?

प्रश्न : ताई, मी कॅम्पातल्या एका छोट्या ख्रिश्चन शाळेत बालवाडीपासून दहावीपर्यंत होते, वर्गात जेमतेम पंचवीस मुलं. आम्ही वारकरी घरातले, पण रोज सकाळच्या प्रार्थनेला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गाणी म्हणायचो आणि आजीला ती अभंगच वाटायची. पाचवीत बाबांची नोकरी गेली तेव्हा बाईंनी फीचं कुणाला कळू दिलं नाही, वर माझ्या स्वेटरची उसवलेली बाही मधल्या सुट्टीत स्वतः शिवून दिली. आता मला पहिला पगार झालाय. काय देऊ?

उत्तर : अगं, आजीचं बरोबरच आहे, टिळकांनी कितीतरी रचना अभंग आणि ओवीतच तर लिहिल्यात! आणि आपल्या पुण्याला अशी मायेनं सांभाळणारी ख्रिश्चन शाळा नवीन नाही, पंडिता रमाबाईंनी 1890 मध्ये शारदा सदन मुंबईहून इथे आणलं, विधवा मुली तिथे राहून शिकायच्या. तर तू आधी बाईंना भेट, सोबत श्रूजबेरी बिस्किटं ने, आणि ती बाहीची गोष्ट त्यांना सांगच, कारण त्या कदाचित विसरल्या असतील आणि तू मात्र इतकी वर्षं जपून ठेवलीयेस. पैसे द्यायचेच असतील तर ऑफिसात जाऊन एखाद्या मुलीची वर्षाची फी भर, नाव न सांगता, जसं तुझ्यासाठी झालं तसंच. आणि हो, आजीला घेऊन जा गं, प्रार्थनेच्या वेळेलाच जा.