पाळण्याचं फुकट तिकीट

अद्भुतकथा लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : ताई, मी उदगीरचा. एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे. सात नद्यांच्या राज्यात एक फिरती जत्रा आहे. आकाशपाळणा, मौत का कुआँ, बोलक्या बाहुल्या, सगळं आहे. पण पाळणा वर गेला की बसलेल्या माणसाची एक आठवण गळते आणि खाली टांगलेल्या झोळीत पडते. जत्रेचा मालक या आठवणी पुढच्या राज्यातल्या श्रीमंतांना चोरून विकतो. सुरुवातीची पानं सोबत पाठवली आहेत. अडचण अशी, की मालक बदमाश आहे हे पहिल्याच पानावर कळतं, असं मित्र म्हणतात. त्याचा धंदा लपवायचा कसा?

उत्तर : आधी त्या मालकाचा काळा झगा उतरवा. पानोपानी झगा वाऱ्यावर उडतोय आणि मालक गालातल्या गालात हसतोय. असला माणूस दिसला तर आमच्याकडची लेकरंसुद्धा त्याच्याकडून फुगा घ्यायची नाहीत. त्याला साधा सदरा-पायजमा घाला, कानावर पेन्सिल ठेवा, दाढ दुखत असू द्या.

पण झगा ही किरकोळ बाब. घोळ व्यवहारात आहे. या आठवणी विकत घेतो कोण? "पुढच्या राज्यातले श्रीमंत" एवढ्यावर तुम्ही भागवलंय. श्रीमंत माणूस पैसे मोजून परक्याची आठवण कशाला घेईल? माझी उभी नोकरी स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणात गेली. माल आला कुठून याच्या आधी माल गेला कुठं, हे विचारायची सवय आहे. चोराच्या मागं सगळेच पळतात, गिऱ्हाईक कुणी शोधत नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही गावात उभं राहून विचार करा. एखाद्या म्हातारीच्या लग्नातल्या वरातीची आठवण कोण घेणार? पण तिच्या नवऱ्यानं बांधावर लिंबाखाली पुरलेला खुणेचा दगड नेमका कुठं आहे, ही आठवण? शेजारचा शेतकरी तिला मागेल ती किंमत देईल. सावकाराचे पैसे फेडले, चिठ्ठी मात्र केली नाही. त्या फेडीची आठवण गेली की कर्ज पुन्हा जिवंत. सामायिक विहिरीवर कुणाची पाळी किती दिवसांची, हे दोन भावांच्या बापानं तोंडी ठरवून दिलेलं. असा माल राज्याबाहेर न्यायची गरजच नाही. त्याचं गिऱ्हाईक त्याच गावात, चावडीसमोरच्या पक्क्या घरात बसलेलं असतं आणि तेच दरवर्षी जत्रेला बोलावतं, पालं ठोकायला जागा देतं, पहिल्या दिवशी नारळ फोडतं.

हे एकदा ठरलं की लपवायचं काम आपोआप होतं. पहिल्या प्रकरणात म्हातारीला पाळण्यात बसवा. तिचं तिकीट कुणीतरी काढून दिलेलं असू द्या. "काकू, तुम्ही कवा बसल्या पाळण्यात? बसा की, मी देतो पैसे." वाचक म्हणेल, किती चांगला माणूस. पुढं जा, रेवड्या, गोडीशेव, बाहुल्यांचा खेळ, हवं ते दाखवा. तीन-चार प्रकरणांनी शेताची मोजणी येऊ द्या. म्हातारी बांधावर उभी. "दगड होता. मीच हळद-कुंकू वाहिलंय त्याला. कुठं होता ते आठवंना." तिच्या शेजारी उभा कोण, तर तिकीट काढून देणारा. तो हसत नाही, काही बोलत नाही, तिला पाण्याचा तांब्या देतो. इथं तुम्ही एक अक्षर जास्त लिहू नका.

नोकरीत असताना एका जत्रेचं दप्तर माझ्यापुढं आलं होतं. गाव सांगत नाही. तहबाजारीची, म्हणजे दुकानाच्या जागेसाठी घेतलेल्या पैशांची, पावतीपुस्तकं होती. दुकान लावणाऱ्याला वरची प्रत, कार्बनखालची स्थळप्रत दप्तरात, नेहमीसारखंच. कीर्दीतली बेरीज बरोबर, भरणा वेळेवर, सह्या जागच्या जागी. पानं उलटता उलटता बोट अडखळलं. कार्बनमधून उमटलेलं अक्षर मऊ असतं, कडेला जरा पसरलेलं. त्या स्थळप्रतींवर नाव कार्बनचं होतं, तारीख कार्बनची होती आणि रक्कम तेवढी थेट बॉलपेननं लिहिलेली. पान उलटं करून हात फिरवला तर तेवढेच आकडे टोचत होते. म्हणजे रक्कम लिहिताना मधे पुठ्ठा सरकवायचा. दुकानदाराच्या प्रतीवर एक आकडा, दप्तरात दुसरा. पाळणावाले, बांगडीवाले, फुगेवाले यांनी पूर्ण पैसे भरले होते. त्यांचा यात काडीचा संबंध नव्हता. त्यांची पालं तोवर दोन जिल्हे पलीकडं गेलेली, आणि गावात बोलवा काय? तर "जत्रावाल्यांनी पैसे बुडवले."

तुमच्या कादंबरीत हेच हवं. अंधारी तळघरं, रात्रीच्या बैठका, कवटीची अंगठी यातलं काही नको. सगळं पेट्रोमॅक्सच्या उजेडात, शंभर माणसांदेखत, आणि रक्कम तेवढी दुसऱ्या हातानं लिहिलेली.

राहिला मालक. त्याला पूर्ण निर्दोषही करू नका, ते खोटं वाटेल. आपल्याकडं तमाशाचे फड कर्ज काढून हंगाम उभा करतात, कलावंत फडमालकाकडून उचल घेतात, आणि एकदा घेतलेली उचल फिटता फिटत नाही. तुमचा मालकही कुणाचा तरी देणेकरी असू द्या. पाळण्याचे लोखंडी दांडे, डिझेल, वाटेत मेलेला बैल, कशासाठी तरी त्यानं पैसे उचललेत. झोळीत काय पडतं हे त्याला कळतं. मोडता घालायची ऐपत त्याच्यात नाही. अशा माणसाच्या तोंडी एखादं खरं वाक्य आलं तर ते कुठल्याही झग्यापेक्षा भारी पडेल.

प्रश्न : माझ्या कथेतला तांडा दोन राज्यांची सीमा ओलांडतो. दोन्हीकडची नाणी, कर, नाके असं सगळं नव्यानं रचावं लागेल का? की वाचक कंटाळेल? (तुळजापूर)

उत्तर : तुळजापूरच्या माणसानं हे विचारावं! तुमच्या आजोबांना हे रोजचं होतं. तुळजापूर निजामाच्या राज्यात आणि सोलापूर, बार्शी इंग्रजांच्या मुलखात. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ हिशेब. मधे करोडगिरीचा नाका, मालावर जकात. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं, पण हाली त्यानंतरही काही वर्षं चालत राहिला.

नाण्यांची नावं काय आणि त्यांवर कुणाचा छाप, यात पानं घालवू नका. फरकाचं काय करता येतं ते बघा. साध्या शेतकऱ्याकडं परक्या राज्याची थैलीभर नाणी सापडली तर नाकेदार त्याला बसवून ठेवील. जत्रावाल्याकडं सापडली तर म्हणेल, हा दोन्हीकडं फिरतो, असणारच. म्हणून काळा पैसा पांढरा करायला जत्रेइतकी सोयीची जागा नाही. रोख धंदा, सुटी नाणी, गिऱ्हाइकाचं नाव कुठं लिहिलेलं नाही, आणि पाळण्यात आज खरोखर किती माणसं बसली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पाळणा रिकामा फिरवायचा आणि वहीत भरलेला लिहायचा, की कुठलाही पैसा तिकिटाचा होतो. तुमच्या कथेतलं हे पहिलं दृश्य करा: भर पावसात, चिटपाखरू नसताना, गडी पाळणा फिरवतायत आणि मुनीम तिकिटं फाडतोय.

आणि हो, नाकेदाराला मूर्ख करू नका. अद्भुतकथांतले पहारेकरी का कोण जाणे, सगळे झोपाळू असतात. खरा नाकेदार जागा असतो. तो काय बघायचं आणि काय नाही ते ठरवतो.

प्रश्न : माझ्या गोष्टीत तारेवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हीच टोळीची खरी सूत्रधार निघते. शेवटचा धक्का म्हणून मला ते आवडलंय. मैत्रीण म्हणते, हे बरोबर नाही. काल्पनिक राज्यात कसली आलीय जात? (अंबाजोगाई)

उत्तर : राज्य काल्पनिक आहे, वाचणारे अंबाजोगाईचे आहेत. मैत्रिणीचं ऐका.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. पुढं सोलापूरला तारेच्या कुंपणात अशा माणसांची वसाहतच होती. लोक तिला आजही सेटलमेंट म्हणतात. देश १९४७ ला सुटला, ही माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून भटके-विमुक्त त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला तरी गावात शेळी हरवली की लोक आधी पालांकडं जातात. तुमचा धक्का हा धक्काच नाही; वाचकाच्या डोक्यात जे आधीपासून बसलंय त्यावर तुम्ही शिक्का मारताय. सूत्रधार म्हणून तिचं नाव आलं तर अर्धे वाचक म्हणतील, वाटलंच होतं. रहस्यकथेला यापेक्षा मोठी शिवी नाही.

याचा अर्थ तिला देवी करा असा नाही. ती कुठं उभी आहे ते बघा. खाली ढोलकी वाजतेय, हातात आडवा बांबू, आणि सगळी जत्रा तिला वरून दिसतेय: कुणी कुणाच्या झोळीत काय टाकलं, कुठल्या कनातीतून पाटलाचा मुलगा बाहेर आला. तिला सगळं ठाऊक आहे. ती सांगायला गेली तर तिचं कुणी ऐकणार नाही, उलट तिलाच बसवून ठेवतील, हेही तिला ठाऊक आहे. आता तिच्या भावाची उचल मालकाकडं अडकलेली असू द्या, म्हणजे गप्प बसायलाही तिच्याकडं कारण होईल. ती बोलणार की नाही, यावर वाचक शेवटच्या पानापर्यंत बसून राहील. सूत्रधार हवा असेल तर कुस्त्यांच्या फडात मानाचा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी एक निवडा.

प्रश्न : टोळीची गुप्त भाषा कशी तयार करावी? मी शब्द उलटे करून बघितले, पण हास्यास्पद वाटतात. (परभणी)

उत्तर : वाटणारच. शब्द उलटे करणं शाळेच्या मधल्या सुट्टीत शोभतं.

गुप्त भाषेला शब्द लागतातच असं नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेला जा. घोडे, गाढवं, उंट, सगळा बाजार बघायला मिळेल. जनावरांच्या बाजारात जुने दलाल सौदा कसा करत ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. दोन माणसांचे हात रुमालाखाली, एकानं दुसऱ्याची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे समोरचं जनावर बघून समजायचं. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. गर्दी भोवती उभी असते आणि भाव दोघांनाच कळतो. तुमच्या टोळीला एवढं पुरे.

लिहिलेलं गुपित हवं असेल तर तेही आपल्याच मातीत आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरं देवनागरीसारखीच, पण एकाच्या जागी दुसरं. त्यांचा हेतू ग्रंथ जपण्याचा होता, त्यात गैर काही नव्हतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ती पानं दिसत होती, वाचता येत नव्हती. तुमचा मुनीम अशी वही उघड्यावर ठेवू शकतो. फक्त त्याला किल्ली कुणी शिकवली, हे तुम्हाला माहीत पाहिजे.

प्रश्न : पहिल्या कादंबरीची किती पानं असावीत? (हिंगोली)

उत्तर : असतील तेवढी असू द्यात, पण त्यांच्यावर क्रमांक घाला. परवा एक कथा आली, टाचणी वाटेतच गळालेली. भुतानं आधी पिठलं-भाकरी खाल्ली की आधी ते मेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कथा बरी आहे. ज्यांची असेल त्यांनी क्रमांक घालून पुन्हा पाठवावी.