दूध संघातली १८ वर्षं आणि न्यूझीलंड: काय चालेल, काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दूध संघाच्या विक्री विभागात १८ वर्षं, त्यातली काही संकलन आणि सभासद संपर्कात, डेअरी टेक्नॉलॉजीची पदवी, वय ४३. न्यूझीलंडला यायचं तर हा अनुभव चालतो का, आणि तयारी कुठून करायची?

चालतो. पण तुम्ही ज्यावर भर दिलाय तो भाग नाही. पिशवीबंद दूध, वितरक, पहाटेच्या गाड्या, परतीचा माल, कमिशन यातलं कौशल्य खरं आहे, पण इथे त्याला गिऱ्हाईक कमी. देशाची वस्ती जेमतेम ५० लाखांवर, किराणा मुख्यतः दोन सुपरमार्केट गटांच्या हाती, आणि सुमारे ९५ टक्के दूध भुकटी, लोणी, चीज होऊन परदेशी जातं. त्यात २०२५ मध्ये फॉन्टेरा या इथल्या सगळ्यात मोठ्या दूध सहकारी संस्थेच्या सभासद शेतकऱ्यांनी अँकर, मेनलँडसारखे ग्राहक ब्रँड लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीला विकायला मंजुरी दिली. म्हणजे ब्रँड सांभाळणाऱ्या जागांच्या भरवशावर येऊ नका. ‘भारताचा बाजार मला ठाऊक आहे’ हेही फारसं उपयोगी नाही, कारण भारतात दूधभुकटीवर जबर आयात शुल्क आहे आणि इथला माल तिकडे फारसा जात नाही.

उपयोगी पडतो तो तुमचा दुसरा भाग: संकलन, गुणवत्ता आणि शेतकऱ्याशी बोलणं. दूध का नाकारलं, कपात का झाली हे समोरच्याला न दुखावता पटवून देता येणारी माणसं दूध कंपन्यांना लागतात. पशुखाद्य, दूधयंत्रं, धुलाईची रसायनं आणि वीर्यमात्रा विकणाऱ्या कंपन्यांनाही तीच हवी असतात. हॅमिल्टन शहराच्या आसपास या सेवा कंपन्यांची दाटी आहे. डेअरीएनझेड ही शेतकऱ्यांच्या वर्गणीवर चालणारी संस्था आणि एलआयसी ही पैदास सहकारी संस्था तिथेच.

आता हिशोब, कारण मुलाखतीत सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. आपल्याकडे भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हणजे ३.५/८.५ ला अमुक रुपये लिटर. इथे लिटरचा भाव कोणी बोलत नाही. भाव ‘मिल्कसॉलिड्स’च्या किलोला, आणि त्यात फक्त फॅट आणि प्रोटीन धरतात, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर नाही. एसएनएफमध्ये लॅक्टोज असतं, म्हणून आपला एसएनएफचा आकडा उचलून इथल्या भावाला गुणलं की उत्तर साफ चुकतं. १०० लिटर गाईचं दूध, ३.५ फॅट आणि ३.२ प्रोटीन धरलं, तर वजन साधारण १०३ किलो आणि मिल्कसॉलिड्स ६.९ किलो. इथल्या गाईंच्या दाट दुधात तेच नऊ किलोच्या आसपास भरतं. शिवाय लिटरमागे थोडी रक्कम वजा होते, कारण पाणी वाहून नेऊन वाळवायचा खर्च असतो. पातळ दुधाला ही दुहेरी शिक्षा आहे. जर्सी आणि संकरित गाई इथे का टिकल्या, तेही यावरून कळतं.

भाव ठरतो जगाच्या बाजारावर. फॉन्टेराचा दूधदर पाच मालांच्या किमतीवर बेततात: होल मिल्क पावडर, स्किम मिल्क पावडर, बटरमिल्क पावडर, लोणी आणि निर्जल दूधफॅट. चीज त्यात नाही. हा माल ‘ग्लोबल डेअरी ट्रेड’ या २००८ साली सुरू झालेल्या लिलावात साधारण दर पंधरवड्याला विकला जातो, टनाला अमेरिकन डॉलरमध्ये. शेतकऱ्याला पैसे मिळतात न्यूझीलंड डॉलरमध्ये, म्हणून विनिमय दर हलला की लिलाव स्थिर असूनही अंदाज बदलतो. हंगामात आगाऊ रक्कम, उरलेली नंतर हप्त्यांनी. आजपासून एक वही घाला: दर लिलावाची तारीख, या मालांचे भाव, त्या दिवशीचा विनिमय दर, कंपनीचा जाहीर अंदाज. सहा महिन्यांची अशी नोंद असली की तुम्ही मुलाखतीत या धंद्यातल्या माणसासारखे बोलाल. कुठलाही अभ्यासक्रम एवढं देत नाही.

हंगाम १ जून ते ३१ मे. गाई बहुतेक एकदमच, जुलै-ऑगस्टमध्ये वितात. ऑक्टोबरच्या सुमारास दूध शिगेला जातं आणि मेअखेरीस गाई आटवतात. आपला पुष्टकाळ (भरपूर दुधाचा) आणि कृशकाळ (कमी दुधाचा) ओळखीचे असले तरी जून-जुलैमध्ये दूध जवळजवळ थांबणं आणि कारखाने दुरुस्तीला बंद असणं याची सवय करावी लागते. शेतावरच्या नोकऱ्या १ जूनला सुरू होतात, त्यांच्या जाहिराती वर्षाच्या सुरुवातीला निघतात. कार्यालयीन जागांना ठरावीक महिना नाही. जूनमध्ये हॅमिल्टनजवळ मिस्टरी क्रीकला फील्डेज हे कृषी प्रदर्शन भरतं. यंत्रं, खाद्य, रसायनं विकणारे सगळे चार दिवस एका मैदानात सापडतात. पाहणीसाठी यायचं असेल तर तेव्हाच या.

गुणवत्तेचे दोन-तीन आकडे पाठ हवेत. दोहन सुरू झाल्यापासून चार तासांत दूध १० अंशांवर किंवा खाली. सहा तासांत किंवा दोहन संपल्यावर दोन तासांत, यातलं जे आधी त्या वेळेला, ६ अंशांवर किंवा खाली. सोमॅटिक सेल, म्हणजे कास सुजली की दुधात वाढणाऱ्या पेशी, मिलिलिटरला ४ लाखांच्या वर गेल्या की कपात. टँकरचालक प्रत्येक टाकीचं तापमान बघतो, वास घेतो, नमुना घेतो. प्रतिजैविकाचा अंश निघाला तर भुर्दंड शेतकऱ्यावर. एमबीआरटीचा (दुधातले जिवाणू जोखणारी निळ्या रंगाची चाचणी) अनुभव सांगा, पण या भाषेत सांगा.

कागदपत्रं. वरुड किंवा उदगीरच्या डेअरी महाविद्यालयाची पदवी असली तरी ती न्यूझीलंडच्या कुठल्या स्तराची, याचं मूल्यांकन एनझेडक्यूए ही इथली सरकारी संस्था करून देते; ते आधी मागवा, वेळ लागतो. कामाच्या व्हिसासाठी मालक मान्यताप्राप्त असावा लागतो. कुशल स्थलांतरितांच्या कायम वास्तव्यासाठी वय ५५ किंवा कमी आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा. नोकरी देतो म्हणून पैसे मागणारा, मग तो मालक असो वा त्याच्या नावाने एजंट, इथला कायदा मोडतो. असा पैसा देऊन आलेली माणसं नंतर तक्रार करायलाही घाबरतात, हे पाहून जीव तुटतो. एक रुपयाही देऊ नका.

बायोडेटा दोन पानी. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव नको. ‘विक्री वाढवली’ऐवजी किती संकलन केंद्रं, रोज किती लिटर, नाकारलेलं दूध किती टक्क्यांवरून कितीवर आणलं ते लिहा. संदर्भ देणाऱ्यांना इथले लोक खरोखर फोन करतात. इथलं घड्याळ साडेसहा तास पुढे, इथल्या उन्हाळ्यात साडेसात. इथले सकाळचे नऊ म्हणजे तुमच्याकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच किंवा दीड. संघाच्या साहेबांना इंग्रजीतून पाच मिनिटं बोलायला तयार करा आणि सोयीची वेळ बायोडेटातच लिहा.

आल्या आल्या आयआरडी क्रमांक, म्हणजे इथल्या करखात्याचा क्रमांक, काढा, नाहीतर पगारातून ४५ टक्के कर कापतात. आणि सामानात तूप, खवा, पेढे काही आणू नका. जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग या देशात नाही, तो अशा मालातून शिरला तर निर्यात ठप्प होईल. देशात शिरताना भरायच्या फॉर्ममध्ये गेल्या ३० दिवसांत गोठ्यात किंवा डेअरीत गेलात का, असं विचारतात, ‘हो’ लिहा. जोखमीची वस्तू न सांगता आणली तर जागेवर ४०० डॉलर दंड. गोठ्यात वापरलेले बूट घरीच ठेवा, इथे गमबूट कुठल्याही गावात मिळतात.