नागपुरात टॅटूचा व्यवसाय सुरू करायचा आहे, कुठून सुरुवात करू?

चित्रकला चांगली आहे, अडीच लाख जमले आहेत आणि धरमपेठेत एक गाळा बघून ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. ॲडव्हान्स अजून दिला नसेल तर देऊ नका. मी 9 वर्षांपासून नागपुरात हे काम करतोय आणि मीही आधी गाळाच घेतला होता. सहा महिने भाडं भरलं, तेव्हा हात कच्चा होता.

कागदावर चालणारा हात कातडीवर चालतोच असं नाही. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण दीड-दोन मिलिमीटर आत बसावी लागते. वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, जास्त खोल गेली तर रेषेच्या कडेने निळसर पसरते. मनगटाला, पोटाला, बरगडीला कातडी किती ताणायची हे बोटांना कळायला वेळ लागतो. आधी सिलिकॉनच्या नकली कातडीवर भरपूर रेषा मारा आणि वर्षभर एखाद्या चांगल्या आर्टिस्टकडे राहा. सुरुवातीला टेबल पुसणं, मशीनला प्लास्टिक गुंडाळणं, स्टेन्सिल म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा नक्षीचा छाप उतरवणं हेच मिळेल. ते मनापासून करा.

सगळ्यात जास्त मेहनत घ्या ती देवनागरी अक्षरावर. आपल्याकडे ‘आई’, आईबाबांची नावं, ‘जय भीम’ हे रोजचं काम आहे. मी सुरुवातीला एका मुलाच्या हातावर ‘आशीर्वाद’च्या जागी ‘आर्शिवाद’ काढलं. त्यानेच मोबाइलवर तसं पाठवलं होतं, पण चूक माझी, कारण मी वाचून बघितलंच नाही. चार दिवसांनी तो वडिलांना घेऊन आला. ते शाळेत मराठी शिकवायचे. रागावले नाहीत, फक्त मुलाचा हात हातात धरून बघत राहिले. ती अक्षरं झाकायला पुढे मोठं कमळ काढावं लागलं. तेव्हापासून शब्द कागदावर मोठा लिहितो, गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो, खाली सही घेतो, मगच स्टेन्सिल.

शाई वर्षागणिक थोडी फुगते. ‘भ’, ‘ध’, ‘म’ यांच्या गाठी बारीक काढल्या तर काही वर्षांत भरून जातात आणि नुसता ठिपका उरतो. म्हणून गाठ मोकळी ठेवा, आणि गिऱ्हाईक फारच लहान नाव मागत असेल तर नाही म्हणा. स्टेन्सिल लावताना गिऱ्हाइकाचा हात टेबलावर ठेवू नका, त्याला उभं करून हात सैल सोडायला सांगा. नाहीतर टेबलावर सरळ दिसलेली शिरोरेघ तो उभा राहिला की वाकडी दिसते.

माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. मेल्यावर बाकी दागिने काढून घेतात, हाच तेवढा सोबत येतो, असं ती म्हणायची. जत्रेत मात्र एकाच सुईने दहा जणांना गोंदताना मी स्वतः पाहिलंय. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही अशाच सुईतून पसरतात. पैसा इथे घाला. प्रत्येकाला नवी सुई, तारीख बघून, त्याच्यासमोर फोडलेली. वाटीत उरलेली शाई फेकायची, बाटलीत परत नाही. मशीनची धातूची ग्रिप (हातात धरायचा भाग) वापरत असाल तर ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर किमान 15-20 मिनिटं ठेवा. तुम्ही स्वतः हिपॅटायटिस बीची लस घ्या. 0, 1 आणि 6 महिने असे तीन डोस असतात. वापरलेल्या सुया महापालिकेच्या कचरागाडीत टाकू नका, ती सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते. जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांशी बोलून ठेवा.

18 वर्षांखालच्यांना आणि पिऊन आलेल्यांना परत पाठवा. एकोणीस-वीसचा मुलगा आला की मी पहिले विचारतो, “भरतीची तयारी करून राह्यला का?” सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढ्याच जागी टॅटू चालतो, आदिवासी उमेदवारांना परंपरेप्रमाणे सूट आहे. छातीवर वाघ काढून घ्यायला आलेल्या कितीतरी पोरांना मी परत पाठवलंय. ते पैसे गेले याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

कागदपत्रं फार नाहीत. मोजकेच कामगार असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. एजंटला पैसे देऊ नका.

निम्मे पैसे शिकण्याच्या वर्षाच्या खर्चाला बाजूला काढा. नंतर रस्त्यावरचा गाळाच हवा असं नाही. लोक काम बघून, वेळ ठरवून येतात, पहिल्या मजल्यावरची खोली पुरते. ती बघायला जाल तर मे महिन्यात, भरदुपारी जा. 45 अंशांत तिथे बसवतं का, आत बेसिन आहे का आणि नळाला त्या वेळी पाणी येतं का, ते बघा.