हक्कसोड पत्रावर सही करू नका

प्रश्न : नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, गेल्या वर्षी एड्सने गेला. मीही पॉझिटिव्ह आहे. नऊ वर्षांची मुलगी निगेटिव्ह. आजारपणात दागिने, शेरडं सगळं विकलं. सासऱ्यांच्या मागे वाटप होऊन दोन एकर नवऱ्याच्या नावावर आली होती. सासूबाई आहेत. आता आम्हा मायलेकींना गोठ्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलंय, घागरसुद्धा वेगळी. दीर म्हणतात, वीस हजार घे, हक्कसोडवर सही कर आणि माहेरी जा. कोर्टात गेले तर गावभर होईल. (जत तालुका)

उत्तर : ताई, सही करू नका. हात रिकामा असताना वीस हजार फार वाटतात, हे मला कळतं. पण आजारानं दागिने नेले, शेरडं नेली. जमीन आजारानं जात नाही, ती सहीनं जाते.

वारसाहक्काचा आजाराशी काडीचाही संबंध नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार त्या दोन एकरांत तुमचा, मुलीचा आणि सासूबाईंचा सारखा हिस्सा. दिरांचा त्यात वाटा नाही. मुलीचा हिस्सा तर कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय तुम्हालाही सोडता येत नाही.

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या. मृत्यूचा दाखला आणि तिन्ही वारसांची नावं लिहा. आजाराचा एक शब्दही लिहू नका. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि कोऱ्या स्टॅम्पवर अंगठासुद्धा नको.

घराचं म्हणाल, तर 10 सप्टेंबर 2018 पासून एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 लागू आहे. त्याच्या कलम 29 नुसार राहत्या घरातून किंवा त्याच्या कुठल्याही भागातून तुम्हाला बाहेर ठेवता येत नाही. स्वयंपाकघर, पाणी, सगळं त्यात आलं. गावभर होण्याची भीती खरी आहे, म्हणूनच कलम 34 आहे : अर्ज केल्यास कोर्ट तुमचं खरं नाव झाकून, बंद दाराआड प्रकरण चालवू शकतं. वकील तालुका विधी सेवा समिती मोफत देते. बाईला उत्पन्नाची अट नाही.

संजय गांधी निराधार योजनेत महिना 1,500 रुपये मिळतात. तिथे विधवा म्हणून अर्ज करा, म्हणजे आजार सांगावा लागणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, गाडीभाडं नव्हतं म्हणून गोळ्यांची तारीख चुकली. जमिनीआधी ते बघा. गोळ्या मोफत आहेत. जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या मुख्य केंद्राशी जोडलेल्या छोट्या केंद्रातून मिळतील का, हे समुपदेशक ताईंना याच आठवड्यात विचारा.