तुंबागा, तुंबा आणि तांबं

एका वाचकाचा प्रश्न: मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा इथल्या पवित्र विहिरीतून निघालेल्या दागिन्यांबद्दल वाचताना ‘तुंबागा’ हा सोनं-तांब्याचा मिश्रधातू भेटला. तिथल्या घंट्या पोकळ असतात, तर आपल्या ‘तुंब्या’शी त्याचं काही नातं आहे का? मराठीत त्याला ‘मुलामा दिलेलं तांबं’ म्हणावं का?

तुंब्याशी नाही, तांब्याशी आहे. (धातूच्या म्हणतोय. पाणी प्यायच्या तांब्याचंही मूळ तेच, ते सोडा.) संस्कृत ‘ताम्रक’ मलय भाषेत गेला, तिथे त्याचा ‘तंबागा’ झाला, मलयात आजही तांब्याला तेच म्हणतात. तिथून स्पॅनिशांनी तो उचलला आणि सोनं-तांब्याच्या मिश्रधातूला ‘तुंबागा’ म्हणू लागले. आपलं तांबं, तांबडा, तांबट हे सगळे त्याचे चुलतभाऊ. गंमत बघा, चिचेन इत्सा ज्यांचं शहर, त्या माया लोकांनी हा शब्द कधी ऐकलाही नसेल. चिचेन इत्सा ज्या भागात आहे त्या युकातानच्या चुनखडीत धातूची खाण नाही; विहिरीत वाहिलेल्या यातल्या बऱ्याच वस्तू पनामा-कोस्टारिकाकडून आल्या होत्या.

‘मुलामा’ मात्र मला पटत नाही. मुलामा बाहेरून चढतो. इथे सोनं आतूनच वर येतं. सोनं सुमारे १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. दोन्हींचं योग्य मिश्रण ९१० च्या आसपासच पातळ होतं, म्हणून मेणाचा नमुना वितळवून पोकळ केलेल्या मातीच्या साच्यात ओतायला सोपं. ओतलेली वस्तू तांबूसच दिसते. मग ती तापवायची, वरच्या थरातलं तांबं काळं पडतं, ते वनस्पतींच्या आंबट रसाने काढून टाकायचं. असं पुनःपुन्हा केलं की पृष्ठभागावर जवळजवळ निव्वळ सोनं उरतं. आपण दागिने उजळायला सोनाराकडे देतो ना, त्याच्या जवळचं आहे हे. म्हणून ‘उजळलेला तुंबागा’ म्हणा, किंवा नुसतं ‘तुंबागा’.

अस्सल तिथलाच शब्द हवा असेल तर मेक्सिकोतल्याच अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत सोन्याला ‘कोस्तिक तेओकुइत्लात्ल’ म्हणत, म्हणजे ‘पिवळी देवविष्ठा’. चांदी ती पांढरी. पैशाला हाताचा मळ म्हणणाऱ्या आपल्याला यात नाक मुरडायचं कारण नाही. फक्त सराफाच्या पाटीवर तो शब्द लावू नका.