सशाचं पिल्लू नीट खात नाही, काय देऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की पिल्लू जेमतेम महिना-सव्वा महिन्याचं आहे, आणल्यापासून गाजर न् केळ्याला तोंड लावत नाही म्हणून ड्रॉपरने गाईचं दूध पाजताय. आधी ते दूध बंद करा, त्याला ते पचत नाही, हगवण लागते.

आता पिंजऱ्यात खाली बघा लेंड्या पडल्यात का. बारा तास झाले, खाणं नाही आणि लेंड्या पण नाहीत, किंवा पातळ होतंय, पोट कडक फुगलंय, कोपऱ्यात आखडून बसून दात खातंय, तर पुढचं वाचत बसू नका, आजच डॉक्टरकडे न्या. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू लागतं, ते थांबलं की भूक मरते आणि भूक मेली की आतडं अजून थांबतं. म्हणून "नखरे करतोय, भूक लागली की खाईल" असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका.

पिल्लू खेळतंय, लेंड्या पडतायत, फक्त कमी खातंय असं असेल तर बहुतेक ते घाबरलंय. आठ आठवडे आईजवळ राहायला पाहिजे, पण विकणारे त्याआधीच विकतात. ज्याच्याकडून आणलं त्याला फोन करून विचारा काय खायचं, तेच द्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

मुख्य खाणं वाळलेलं गवत, चोवीस तास समोर. आपल्याकडे गुरांसाठी लसूण घासाची (ल्युसर्न चारा, खायचा लसूण नव्हे) पेंढी मिळते, ती सावलीत पातळ पसरून कडकडीत वाळवा, ओलसर राहिली तर बुरशी धरते, तसली देऊ नका. लहान पिल्लाला लसूण घास चांगला, पण सहा-सात महिन्यांनंतर कमी करून साधं गवत, कारण लसूण घासात कॅल्शियम जास्त असतं. केळी आपल्या जळगावकडे घरोघरी, म्हणून जो तो सशाला केळंच देतो, पण एवढ्या गोडाने पोट बिघडतं. बिस्कीट, भाकरी, पोहे, कोबी पण नको. कोथिंबीर पुढे थोडी-थोडी सुरू करा, फवारणीची नसेल याची खात्री करून.

आमच्या सशीने पण आल्यावर असंच केलं होतं. मी तिच्याजवळ जमिनीवर गप बसायचो, तिच्याकडे न बघता गवताची एकच काडी ओठाजवळ धरायचो, ती आधी नाक हलवत राहायची, मिशा काडीला लागायच्या, मग एकदम टोक पकडून काडी सरसर आत ओढून घ्यायची. पिंजऱ्याला चादर टाकून अर्धा अंधार केला की अजून खायची.

पाणी बाटलीपेक्षा जड वाटीत ठेवा. आणि आपला उन्हाळा! तीसच्या पुढे गेलं की सशाला त्रास सुरू होतो, इथे तर पंचेचाळीसला जातं, पत्र्याखाली ठेवू नका, बर्फ जमवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

डॉक्टरकडे जाताना ताज्या लेंड्या डबीत न्या, पिल्लांना कॉक्सिडिया (आतड्यातले बारीक परजीवी) फार होतो, तो लेंड्या तपासूनच कळतो. घरातलं अमॉक्सिसिलिन वगैरे अँटिबायोटिक तोंडाने बिलकुल देऊ नका, त्याने आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो, डॉक्टरलाही "ससा आहे, महिन्याचा आहे" हे आधीच सांगा.